वारंवारतेचा तक्ता : स्ट्रिंगमधल्या कॅरेक्टर मोजणीचे प्रश्न सोडवायचे कसे

स्ट्रिंगमध्ये कुठलं कॅरेक्टर किती वेळा आलं, हे मोजणारा लूप प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर लवकरच जमतो. तरीही ऑनलाइन चाचणीत किंवा कॅम्पस मुलाखतीत याच विषयावरचा प्रश्न आला की बरेच जण अडतात. कारण तिथे मोजणी थेट विचारलेली नसते. हे दोन शब्द एकमेकांचे ॲनाग्राम (तीच अक्षरं, फक्त क्रम वेगळा) आहेत का, ही अक्षरं हलवून पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखा वाचला जाणारा शब्द) जुळेल का, अमुक सगळी अक्षरं ज्यात येतात असा सगळ्यांत लहान तुकडा कुठला, असं विचारलेलं असतं. ‘वारंवारता’ हा शब्द प्रश्नात सापडतही नाही. तो प्रश्न वाचून वारंवारतेच्या तक्त्याच्या, म्हणजे कुठलं कॅरेक्टर किती वेळा आलं याच्या नोंदीच्या, भाषेत मांडता येणं, हे इथलं खरं काम आहे.

त्यासाठी तक्त्याचा एक स्वभाव पक्का लक्षात ठेवा : तक्ता क्रम विसरतो. ‘कमल’ आणि ‘कलम’ या दोघांचा तक्ता एकच, क एकदा, म एकदा, ल एकदा. म्हणून प्रश्न हातात आला की सगळ्यांत आधी बघायचं की उत्तर क्रमावर अवलंबून आहे का. नसेल, तर एक तक्ता पुरतो. असेल, तर तक्त्याच्या जोडीला काहीतरी लागतं : स्ट्रिंगवरून दुसरी फेरी, सरकती विंडो (स्ट्रिंगवरून पुढे सरकत जाणारा सलग तुकडा) किंवा प्रत्येक जागेपर्यंतची साठवलेली मोजणी.

(खालच्या उदाहरणांत मुद्दाम काना-मात्रा नसलेले शब्द घेतले आहेत. मात्रा आल्या की संगणक काय मोजतो ते शेवटच्या भागात आहे. पायऱ्या पायथन, जावा, सी++ कुठल्याही भाषेत उतरवता येतील अशा आहेत.)

कोडला हात लावण्याआधी

चार गोष्टी प्रश्नातून शोधून कागदावर लिहा.

कुठली कॅरेक्टर येऊ शकतात? फक्त इंग्रजी स्मॉल अक्षरं असतील तर २६ खान्यांचा ॲरे पुरतो. कीबोर्डवरचं कुठलंही साधं चिन्ह येणार असेल तर आस्कीचे १२८ खाने घ्या. त्यापलीकडे काही असेल तर मॅप किंवा डिक्शनरी.

कॅपिटल-स्मॉल वेगळी धरायची की एकच? स्पेस आणि विरामचिन्हं मोजायची का? प्रश्नात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नमुना इनपुट-आउटपुटवरून ते काढा, अंदाजाने ठरवू नका.

लांबी किती? एका सेकंदात ढोबळमानाने दहा कोटी साध्या क्रिया होतात असं धरून चालतात. लांबी १,००० असेल तर प्रत्येक कॅरेक्टरसाठी पूर्ण स्ट्रिंग परत तपासली तरी १० लाख क्रिया होतात, म्हणजे चालून जातं. लांबी १,००,००० असेल तर त्याच पद्धतीला १,००० कोटी क्रिया लागतात आणि ‘टाइम लिमिट एक्सीडेड’ ठरलेलं. मात्र लूपच्या आत लूप दिसला की घाबरायचं कारण नाही. बाहेरचा लूप २६ अक्षरांवर आणि आतला लाखभर कॅरेक्टरवर असेल तर एकूण २६ लाखच क्रिया होतात.

चौथी गोष्ट म्हणजे बरोबरी. दोन अक्षरांची वारंवारता सारखी असेल तर उत्तर कुठलं? उत्तरच नसेल तर उणे एक छापायचा की रिकामी ओळ? एवढ्यासाठी बरोबर लिहिलेली उत्तरं नापास होतात.

तक्ता भरणे

ॲरेची पद्धत : २६ खाने घ्या, सगळ्यांत शून्य भरा. स्ट्रिंग डावीकडून वाचा. प्रत्येक कॅरेक्टरच्या कोडमधून स्मॉल ‘ए’चा कोड, म्हणजे ९७, वजा करा. आलेल्या क्रमांकाच्या खान्यात एक मिळवा. स्मॉल ‘ए’ शून्याव्या खान्यात आणि ‘झेड’ पंचविसाव्या खान्यात जातो.

या वजाबाकीवर प्रत्येक नवशिक्याने थोडा वेळ द्यावा, कारण इथली चूक भाषेनुसार वेगवेगळ्या रूपात दिसते. कॅपिटल ‘ए’चा कोड ६५, त्यामुळे उत्तर उणे ३२ येतं. स्पेसचा कोड ३२, उत्तर उणे ६५. जावा लगेच एक्सेप्शन देऊन थांबतं. सी आणि सी++ सहसा काही बोलत नाहीत. ॲरेच्या बाहेरची मेमरी बदलली जाते आणि बिघाड भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी दिसतो. पायथनमध्ये गंमत वेगळी : तिथे उणे क्रमांक म्हणजे शेवटून मोजणी. त्यामुळे २६ खान्यांच्या लिस्टमध्ये कॅपिटल ‘ए’ ते ‘एफ’ला एरर येते, पण ‘जी’ ते ‘झेड’ चुपचाप चुकीच्या खान्यात जमा होतात. कॅपिटल ‘जी’ उणे २६ म्हणून स्मॉल ‘ए’च्या खात्यात, कॅपिटल ‘झेड’ उणे ७ म्हणून स्मॉल ‘टी’च्या खात्यात. नमुना चाचणी पास आणि लपवलेली चाचणी नापास, असं झालं की आधी हे तपासा.

सीमध्ये फंक्शनच्या आत घोषित केलेला ॲरे आपोआप शून्य होत नाही, त्यात आधीचा कचरा असतो. आणि एकाच इनपुटमध्ये अनेक टेस्ट केस असतील तर प्रत्येक केसच्या सुरुवातीला तक्ता पुन्हा शून्य करायचा. पहिली केस बरोबर आणि दुसरीपासून आकडे वाढलेले दिसले, तर कारण बहुधा हेच.

मॅपची पद्धत : कॅरेक्टर मॅपमध्ये असेल तर त्याची किंमत एकने वाढवा, नसेल तर एक ठेवा. पायथनच्या साध्या डिक्शनरीत नसलेली की (म्हणजे जिची नोंदच नाही असं कॅरेक्टर) वाचली तर की-एरर येते. पायथनचाच तयार काउंटर वापरला तर शून्य मिळतं आणि नवी नोंदही होत नाही. पण पायथनचा डिफॉल्टडिक्ट आणि सी++चा मॅप चौकटी कंसाने वाचताना नसलेली की तयार करून ठेवतात. ‘वेगळी कॅरेक्टर किती’ हे मॅपच्या आकारावरून काढत असाल तर नुसतं डोकावून बघितल्यानेही तो आकडा वाढतो.

जावात आणखी एक सापळा आहे. मॅपमधून काढलेल्या दोन इंटिजर ऑब्जेक्टची तुलना दोन बरोबर-चिन्हांनी केली तर ती ऑब्जेक्टची तुलना होते, आकड्यांची नाही. उणे १२८ ते १२७ या किमतींची ऑब्जेक्ट जावा एकदाच बनवून पुन्हा वापरतं, म्हणून छोट्या चाचण्या पास होतात. वारंवारता १२८ झाली की सारख्या आकड्यांनाही हा कोड ‘वेगळे’ म्हणतो. तिथे ‘इक्वल्स’ वापरा, किंवा किंमत आधी साध्या इंटमध्ये घ्या.

मॅपमधली माहिती कुठल्या क्रमाने बाहेर पडते यावर उत्तर अवलंबून असेल तर भाषेचा नियम माहीत हवा. पायथनची डिक्शनरी ३.७ आवृत्तीपासून भरल्याचा क्रम राखते. जावाच्या हॅशमॅपला क्रमाची हमी नाही, लिंक्डहॅशमॅपला आहे. सी++चा मॅप कोडच्या चढत्या क्रमाने चालतो. जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये अंकांच्या की आधी येतात, त्यामुळे अक्षरं-अंक मिसळलेल्या स्ट्रिंगचा क्रम मोडतो. तिथे ‘मॅप’ हा प्रकार घ्या.

नुसत्या तक्त्यावर सुटणारे प्रश्न

दोन स्ट्रिंग ॲनाग्राम आहेत का? आधी लांबी बघा, वेगळी असेल तर उत्तर ‘नाही’. मग एकच तक्ता घ्या. पहिल्या स्ट्रिंगसाठी अधिक एक, दुसऱ्या स्ट्रिंगसाठी उणे एक. शेवटी सगळे खाने शून्य असतील तर ‘हो’. दोन तक्ते करून तुलना करण्यापेक्षा हे साधं आणि याचा पुढे विंडोमध्ये उपयोग होतो. ‘या मासिकातली अक्षरं कापून हे पत्र जुळवता येईल का’ हा प्रश्न म्हणजे याचाच भाऊ : मासिकाचा तक्ता भरा, पत्रातली अक्षरं वजा करत चला, कुठलाही खाना उणे झाला की थांबा.

शब्दांचे ॲनाग्रामनुसार गट करायचे असतील तर प्रत्येक शब्दासाठी अशी किल्ली लागते जी क्रम बदलला तरी बदलत नाही. शब्दातली कॅरेक्टर कोडनुसार लावून तीच किल्ली करा. कलम, मगर, कमल, गरम, पटक, कपट हे सहा शब्द दिले तर कलम आणि कमल दोघांची किल्ली ‘कमल’, मगर आणि गरम यांची ‘गमर’, पटक आणि कपट यांची ‘कटप’. शब्द फार लांब असतील तर क्रम लावण्याऐवजी २६ खान्यांचा तक्ताच किल्ली करता येतो. पण आकडे एकमेकांना चिकटवून किल्ली बनवताना मध्ये स्वल्पविराम ठेवा. नाहीतर ‘१, ११’ आणि ‘११, १’ दोन्ही ‘१११’ होतात आणि भलतेच शब्द एका गटात पडतात.

अक्षरं हलवून पॅलिंड्रोम जुळेल का? पॅलिंड्रोमला प्रत्येक अक्षराची जोडी लागते, फक्त मधली एक जागा एकट्याची. म्हणून विषम वारंवारतेची अक्षरं जास्तीत जास्त एक असली पाहिजेत. सर्वांत लांब पॅलिंड्रोमची लांबी विचारली असेल तर प्रत्येक वारंवारतेतला सम भाग घ्या (५ असेल तर ४), सगळे मिळवा आणि एक जरी विषम वारंवारता असली तर शेवटी एक मिळवा. प्रत्येक विषमासाठी एक मिळवणं ही इथली नेहमीची चूक. इथे संपूर्ण आकडा लागतच नाही, सम की विषम एवढंच लागतं. म्हणून २६ बिटांचा एक पूर्णांक घेऊन प्रत्येक अक्षराला त्याचा बिट उलटवला तरी काम होतं.

शेजारी शेजारी एकच अक्षर येणार नाही अशी मांडणी करा, हा थोडा वरच्या पायरीचा प्रश्न. शक्य आहे की नाही हे सर्वांत मोठ्या वारंवारतेवरून कळतं : लांबीत एक मिळवून निम्मं करा आणि अपूर्णांक सोडून द्या, मोठी वारंवारता त्याहून जास्त नको. मांडताना सर्वांत जास्त वेळा आलेलं अक्षर आधी ०, २, ४ या जागांवर ठेवा, मग उरलेली अक्षरं एकेका प्रकाराने सम जागा संपेपर्यंत आणि त्यानंतर १, ३, ५ वर. जास्त वेळा आलेलं अक्षर आधी का, हे ‘कमम’वर बघा. क आधी ठेवला तर तो ० वर, म २ वर, दुसरा म १ वर, निकाल ‘कमम’, दोन म शेजारी. म आधी ठेवला तर ० आणि २ वर म, १ वर क, निकाल ‘मकम’.

‘एक कॅरेक्टर काढून उरलेल्या सगळ्यांची वारंवारता सारखी करता येईल का’ या प्रश्नात लोक चार-पाच शर्तींची माळ लावतात आणि एखादी राहून जाते. त्यापेक्षा सरळ करून बघा : स्ट्रिंगमध्ये आलेल्या प्रत्येक अक्षराची वारंवारता एकने कमी करा, शून्य झालेले खाने सोडून बाकी सगळे सारखे आहेत का तपासा, मग परत एकने वाढवा. २६ अक्षरं गुणिले २६ खाने, म्हणजे ६७६ तपासण्या. एवढ्यासाठी हुशारी करायची गरज नाही. फक्त प्रश्नात ‘जास्तीत जास्त एक’ काढायचं आहे की ‘नेमकं एक’, हे नीट वाचा.

जागा महत्त्वाची असेल तेव्हा

पहिलं एकमेव कॅरेक्टर शोधा, हा इथला मूळ प्रश्न. पहिल्या फेरीत तक्ता भरा, दुसऱ्या फेरीत स्ट्रिंग पुन्हा सुरुवातीपासून वाचा आणि ज्याची वारंवारता एक आहे असं पहिलं कॅरेक्टर मिळालं की थांबा. ‘सरसकट’मध्ये स दोनदा, र, क, ट एकेकदा, म्हणून उत्तर र, जागा १. दुसरी फेरी स्ट्रिंगऐवजी तक्त्यावर फिरवली की उत्तर क येतं, कारण तक्त्यात क आधी आहे. नवशिक्यांच्या कोडमध्ये ही चूक सतत दिसते, आणि ‘अकब’सारखं वर्णानुक्रमी उदाहरण घेतलं तर ती पकडलीही जात नाही.

सरकती विंडो

या विषयातला सर्वांत भरीव भाग हा. मोठ्या मजकुरात नमुन्याचा ॲनाग्राम कुठे कुठे आहे, असा प्रश्न घेऊ. प्रत्येक जागेवरून तुकडा कापून नव्याने तक्ता करणं म्हणजे मजकुराची लांबी गुणिले नमुन्याची लांबी इतकं काम. खरं तर विंडो एक घर पुढे सरकते तेव्हा फक्त दोनच गोष्टी बदलतात : उजवीकडून एक कॅरेक्टर आत येतं, डावीकडून एक बाहेर जातं.

तक्त्यात ‘फरक’ ठेवा, म्हणजे विंडोतली मोजणी वजा नमुन्यातली मोजणी. आणि जोडीला एकच आकडा ठेवा : शून्य नसलेले खाने किती. तो शून्य झाला की विंडो हा ॲनाग्राम आहे. कुठलाही खाना बदलताना दोन तपासण्या करा. बदलण्याआधी तो शून्य असेल तर हा आकडा एकने वाढवा, बदलल्यावर शून्य झाला तर एकने कमी करा.

मजकूर ‘कमलकरमल’, नमुना ‘कलम’. सुरुवातीला क, ल, म तिन्ही उणे एक, म्हणजे शून्य नसलेले खाने तीन. पहिली तीन कॅरेक्टर क, म, ल आत आली की तिन्ही शून्य : जागा ० वर उत्तर. आता जागा ३ वरचा क आत, जागा ० वरचा क बाहेर. क अधिक एक होऊन परत शून्य : जागा १ वर उत्तर. पुढे र आत, म बाहेर : र अधिक एक, म उणे एक, शून्य नसलेले दोन. मग म आत, ल बाहेर : र अधिक एक, ल उणे एक. शेवटी ल आत, क बाहेर : र अधिक एक, क उणे एक. उत्तर ० आणि १. हा ड्राय रन (कोड हाताने चालवून बघणं) वहीत स्वतः एकदा करा. स्क्रीनवर वाचून विंडो समजल्यासारखी वाटते, पण लिहायला बसल्यावर हात अडतो.

विंडोची लांबी ठरलेली नसते तेव्हा दोन टोकं वेगवेगळी हलतात. उजवं टोक दर वेळी एक घर पुढे जातं. डावं टोक गरज असेल तितकी घरं. दोन्ही फक्त पुढेच जातात, म्हणून एकूण हालचाल लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त होत नाही. आत लूप दिसला तरी काम रेषीयच, म्हणजे लांबीच्या प्रमाणातच.

उदाहरण : मजकूर ‘करमरमक’, त्यातला सर्वांत लहान तुकडा हवा ज्यात दोन म आणि एक क आहेत. तक्त्यात ‘गरज’ ठेवा : म २, क १, बाकी शून्य. ‘उणीव’ नावाचा एक आकडा, सुरुवातीला ३. कॅरेक्टर आत घेताना त्याची गरज शून्याहून जास्त असेल तर उणीव एकने कमी करा, मग गरज एकने कमी करा. गरज उणे झाली तर होऊ द्या, उणे म्हणजे ते कॅरेक्टर जादा आहे. क आला, उणीव २. र आला, र उणे एक. म आला, उणीव १. पुन्हा र, र उणे दोन. पुन्हा म, उणीव ०. तुकडा जागा ० ते ४, लांबी ५, नोंद करा. आता डावीकडून काढा : क काढला, त्याची गरज परत १ झाली, शून्याहून जास्त, म्हणून उणीव १, थांबा. शेवटचा क आत आला, उणीव ०, तुकडा १ ते ५, लांबी पुन्हा ५. डावीकडचा र काढला, त्याची गरज उणे एक, म्हणजे तो जादाच होता, उणीव शून्यच राहिली. तुकडा २ ते ५, ‘मरमक’, लांबी ४, नोंद करा. म काढला की उणीव १, आणि मजकूर संपला. उत्तर ४.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, डावं टोक सरकवताना ‘जर’ लिहिणं, जिथे ‘जोपर्यंत’ हवं. दुसरी, नोंद चुकीच्या ठिकाणी करणं. सर्वांत लहान तुकडा हवा असेल तर नोंद आकुंचनाच्या (डावं टोक पुढे सरकवण्याच्या) लूपच्या आत, काढण्याआधी करा. सर्वांत लांब हवा असेल (म्हणजे ‘एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब तुकडा’ यासारख्या प्रश्नात) तर आकुंचन संपल्यावर, लूपच्या बाहेर.

वेगळ्या कॅरेक्टरची संख्या मोजत असाल तर वारंवारता शून्य झालेली की मॅपमधून काढून टाका, नाहीतर मॅपचा आकार खोटं सांगतो. आणि ‘नेमकी के वेगळी कॅरेक्टर असलेले तुकडे किती’ असं विचारलं असेल तर थेट विंडो चालत नाही, कारण डावं टोक कुठे थांबवायचं याचं एकच उत्तर राहत नाही. तिथे ‘जास्तीत जास्त के’ मोजा आणि त्यातून ‘जास्तीत जास्त के वजा एक’ वजा करा. ‘कमक’मध्ये जास्तीत जास्त दोन वेगळी असलेले तुकडे ६, जास्तीत जास्त एक असलेले ३, म्हणून नेमके दोन असलेले ३ : कम, मक, कमक. प्रत्येक उजव्या टोकासाठी विंडोची लांबी बेरजेत मिळवत गेलं की ‘जास्तीत जास्त’ची मोजणी होते.

एकाच स्ट्रिंगवर लाखभर चौकश्या येत असतील, ‘जागा अमुक ते तमुक यात हे अक्षर किती वेळा’, तर विंडो सोडा. प्रत्येक अक्षरासाठी प्रत्येक जागेपर्यंतची बेरीज साठवा आणि दोन बेरजांची वजाबाकी करा. १,००,००० लांबी आणि २६ अक्षरं म्हणजे २६ लाख आकडे, चार बाइटचा एक धरला तर साधारण १० एमबी. तेवढी जागा बहुतेक ठिकाणी असते.

इनपुट आणि तपासणी

कोड बरोबर असूनही उत्तर एकने चुकत असेल तर ओळीचा शेवट बघा. सीमधलं ओळ वाचणारं एफगेट्स नवी ओळ, कोड १०, स्ट्रिंगमध्येच ठेवतं. विंडोजवर बनवलेल्या फाइलमध्ये त्याआधी कोड १३ पण असतो. जावात स्कॅनरने आधी आकडा वाचून लगेच पूर्ण ओळ वाचली तर रिकामी ओळ हाती येते, आकड्यामागची नवी ओळ संपवायला एक जादा वाचन लागतं. सीमध्ये लूपच्या अटीतच एसटीआरलेन (लांबी मोजणारं फंक्शन) लिहू नका, लांबी एकदाच काढून ठेवा. नाहीतर दर फेरीला पूर्ण स्ट्रिंग मोजली जाऊ शकते.

सादर करण्याआधी रिकामी स्ट्रिंग, एकच कॅरेक्टर, सगळी सारखी, सगळी वेगळी, फक्त ‘झेड’ आणि कमाल लांबी एवढं चालवून बघा. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे हळू पण उघड बरोबर असा दुसरा प्रोग्रॅम लिहून हजारो छोट्या यादृच्छिक स्ट्रिंगवर दोघांची उत्तरं ताडणं. या स्ट्रिंग दोन-तीन अक्षरांतूनच बनवा, लांबी आठपर्यंत. २६ अक्षरांतून बनवल्या तर छोट्या स्ट्रिंगमध्ये पुनरावृत्ती फार कमी होते, आणि वारंवारतेच्या चुका पुनरावृत्तीतच लपतात.

मजकूर मराठी असेल तेव्हा

‘रामाला भाला मारा’ हे उलटसुलट सारखं वाचलं जातं. पण याच वाक्यावर वरची पॅलिंड्रोमची चाचणी चालवा, स्पेस वगळून. र २, म २, ल २, भ १ आणि काना ७. विषम दोन निघाले, म्हणून प्रोग्रॅम ‘जुळत नाही’ म्हणेल. युनिकोडमध्ये काना हा स्वतंत्र कॅरेक्टर आहे, आणि आपण मात्र ‘रा’ला एक अक्षर मानतो. रा २, मा २, ला २, भा १ अशी मोजणी केली की विषम एकच उरतो.

म्हणजे मराठी मजकुरावर मोजणीची तीन वेगवेगळी मापं आहेत. ‘महाराष्ट्र’ घ्या. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ३० बाइट, कारण देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइट घेतो. युनिकोडचे कोड १० : म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. आणि अक्षरं चार : म, हा, रा, ष्ट्र. सीमध्ये बाइटनुसार मोजलं तर मराठी मजकुरात २२४ हा बाइट प्रत्येक कोडच्या सुरुवातीला येतो. शिवाय जिथे कॅरेक्टरचा प्रकार चिन्हसहित (उणे किमतीही धरणारा) असतो तिथे २२४ हा उणे ३२ म्हणून वाचला जातो आणि ॲरेच्या बाहेर जातो. पायथन कोड मोजतं. जावा आणि जावास्क्रिप्ट १६ बिटांची एककं मोजतात, देवनागरीपुरती ती कोडइतकीच भरतात.

कोडनुसार मोजायचं असेल तर देवनागरीचा मुख्य ब्लॉक २३०४ ते २४३१ असा आहे, बरोबर १२८ खाने, आणि वजा करायचा आकडा २३०४. ‘क’चा कोड २३२५, म्हणजे खाना २१.

अक्षरानुसार मोजायचं असेल तर स्ट्रिंगचे आधी तुकडे पाडा. डावीकडून वाचत जा. कॅरेक्टर मात्रा असेल (कोड २३६६ ते २३८०), चंद्रबिंदू, अनुस्वार किंवा विसर्ग असेल (२३०५ ते २३०७), नुक्ता म्हणजे अक्षराखालचा ठिपका (२३६४) किंवा हलन्त (२३८१) असेल, तर ते चालू तुकड्याला जोडा. आधीचं कॅरेक्टर हलन्त असेल आणि आता व्यंजन आलं असेल तर तेही जोडा. नाहीतर नवा तुकडा सुरू करा. मग तुकड्यांचा तक्ता भरा, अर्थात ॲरेऐवजी मॅपमध्ये. तयार लायब्ररी वापरणार असाल तर तिची आवृत्ती तपासा : जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. जुन्या लायब्ररी ‘क्ष’चे दोन तुकडे करतात.

शेवटची अडचण डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकांची. ‘दुसऱ्या’ हा शब्द ऱ (२३५३) वापरूनही लिहितात आणि साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (८२०५) वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखे, तक्त्यात वेगळे. वरच्या पायऱ्यांत ८२०५ आलं तर तेही चालू तुकड्याला जोडा आणि ‘आधीचं कॅरेक्टर हलन्त’ ही खूण तशीच ठेवा. ‘ॲ’चंही तसंच : २४१८ हा एकच कोड, किंवा अ (२३०९) आणि त्यावर चंद्र (२३७३). र आणि नुक्ता मिळून झालेला ऱ युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या प्रक्रियेने) एकरूप होतो, पण ॲच्या दोन रूपांना आणि अदृश्य जोडचिन्हाला त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी मोजणीआधी बदलायच्या जोड्यांची स्वतःची यादी ठेवा, आणि मजकूर वाचल्यावर सगळ्यांत आधी तीच चालवा.